यादीबाहेरच्या टिटव्या

एका राज्यात दोन पट्ट्या होत्या. वर डोंगरपट्टी, खाली नदीपट्टी, आणि दोहोंच्या मधून कर्दळी नदी. डोंगरात तांबे निघे, नदीकाठी भात पिके. राजा भद्रकेतू नदीपट्टीतल्या राजधानीत बसून दोन्हींवर राज्य करी. चार पिढ्या हे असेच चालले होते. सगळे सुखात होते असे मी म्हणणार नाही. कुरबुर होती, पण ती ज्याच्या त्याच्या ओसरीवर राही, दरबारापर्यंत पोचत नसे.

मग तांब्याला भाव आला. समुद्रापलीकडची गलबते आली आणि दगडाच्या भावाचे तांबे चांदीच्या भावाने नेऊ लागली. डोंगरपट्टीचा सुभेदार रणधवल तीन वर्षे हे पाहत राहिला आणि चौथ्या वर्षी दरबारात उभा राहून म्हणाला की खाणीत मरायचे आमच्या माणसांनी आणि त्या पैशातून बांध घालायचे तुमच्या शेतांना, हे यापुढे चालणार नाही. नदीपट्टीच्या लोकांनी उत्तर दिले की दुष्काळाची पाच वर्षे तुम्ही आमच्या भातावर काढलीत, ते विसरलात काय. दोघांचाही हिशेब खरा होता. दोघांनी मोजायला वर्षे तेवढी वेगवेगळी धरली होती. हे त्यांना कोणी सांगितले नाही, कारण सांगणाऱ्याला दोन्हीकडून मार बसला असता.

राज्य फोडायचे ठरले, तेव्हा करवत्या नावाचा मांत्रिक आला. त्याच्या काखेत सोन्याची करवत होती. तो म्हणाला, मी रक्ताचा थेंब न सांडता राज्य कापून देतो. मोबदला विचारला तेव्हा तो म्हणाला, "दोघांनी आपापल्या याद्या कराव्यात. यादीत येईल ते ज्याचे त्याचे. दोघांच्याही यादीत जे येणार नाही, ते माझे."

राजा आणि सुभेदार दोघेही हसले. त्या राज्यात याद्या करण्याचे भारी कौतुक. लग्नात किती पाट मांडले, तेराव्याला किती पत्रावळी उठल्या, सगळे लिहून ठेवायची रीत. आमच्या मोजणीदारांच्या हातून सुईसुद्धा सुटत नाही, असे म्हणून त्यांनी मांत्रिकाच्या हातावर हात मारला.

याद्या सुरू झाल्या. हत्ती वाटले, तोफा वाटल्या, देवळांतल्या समया जोडीतून फोडून एकेक वाटल्या. मग आले कर्ज. जुन्या लढायांचे आणि बांधांचे मोठे देणे परदेशी सावकारांकडे राहिले होते. ते डोईगणिक वाटायचे ठरले; ज्याच्या यादीत जितकी डोकी, त्याच्यावर तितका बोजा. आणि इथेच घात झाला. रणधवलाने आपल्या मोजणीदारांना गुपचूप हुकूम दिला की ज्याचे आईबाप दोन्ही आपल्याकडचे, तेवढीच डोकी धरा. मिश्र घरातले मोठे माणूस जन्मगावी धरा. पोरांचे त्यांचे ते बघतील. भद्रकेतूनेही आपल्या मोजणीदारांना अगदी हाच हुकूम दिला. दोघांनाही वाटले की आपण दुसऱ्याला फसवले.

डोंगरपट्टीचा थोरला मोजणीदार होता भिवाजी. अक्षर मोत्यासारखे, आणि एकदा वाचलेले जन्मभर ध्यानात. त्याची बायको गोजरा नदीपट्टीची, घंटा ओतणाऱ्या ओताऱ्यांच्या घरातली. त्यांना सात वर्षांची एक मुलगी होती, साळू. गोजराचे नाव नदीपट्टीच्या यादीत गेले आणि आठ दिवसांत माहेरी निघून जाण्याचा हुकूम आला. ती गेली. साळू बापाजवळ राहिली, वाटणी झाली की तिला आईकडे पोचवायचे असे ठरवून.

यादी लिहिता लिहिता भिवाजी आपल्याच घरापाशी आला. साळूच्या नावावर लेखणी थांबली. हुकूम मोडावा की पाळावा, हा विचार त्याने केला, नाही असे नाही. मग त्याला वाटले, गोजराकडची माणसे तिला धरतीलच, आणि लेकरू आईकडे गेलेले बरे. लेखणी पुढच्या घराकडे वळली. एवढाच त्याचा अपराध. पण तो त्याचा होता, हुकूम देणाऱ्याचा नव्हे, असे तो पुढे आयुष्यभर मानत राहिला.

वैशाखातल्या एका सकाळी करवत्या होडीतून नदीच्या मध्यावर गेला आणि त्याने पाणी कापायला सुरुवात केली. दुपारपर्यंत नदी उभी चिरली गेली. दोन पाणी वेगळी वाहू लागली, आणि मध्ये बोटभर कोरडी फट राहिली. तिच्यातून तळाची वाळू दिसे. लोक काठावर उभे राहून पाहत होते. साळू भिवाजीच्या पाठीवर बसली होती, गर्दीत तिला दिसावे म्हणून. फट एका टोकापासून दुसऱ्या टोकाला पोचली आणि भिवाजीच्या पाठीवरचे ओझे हलके झाले. त्याने वळून पाहिले तो एक टिटवी पंख झाडत वर चालली होती.

त्या एका क्षणी दोन्ही काठांवरची तीनशे बारा मुले टिटव्या झाली आणि नदीतल्या वाळूच्या बेटावर जाऊन बसली. बेट कोणाच्याच यादीत नव्हते. मुलेही नव्हती.

तुम्ही म्हणाल, राजांनी धावाधाव केली असेल. नाही केली. मुले मागायची म्हणजे ती डोकी आपली म्हणायची, आणि डोकी आपली म्हटली की त्यांचे देणे आपल्याकडे. भद्रकेतू म्हणाला, हा डोंगरपट्टीचा प्रश्न आहे. रणधवल आता राजा झाला होता. तो म्हणाला, नदीपट्टीला विचारा. आईबाप काठावर रडले, शिपायांनी त्यांना घरी पाठवले. मला याचा अजून संताप येतो.

कापलेल्या रेषेला एक खोडही होती. तिच्यावरून जे पलीकडे जाई, त्याचे अर्धेच पोचे. शंभर पोती भात निघाला तर पन्नास पोती काठाला लागत. उरलेली पन्नास कुठेच नसत. माणूस पलीकडे गेला तर त्याचे उरलेले आयुष्य अर्धे होई. म्हणून माणसे जायची थांबली, मग माल थांबला. समुद्राची वाट नदीपट्टीतून जाई, म्हणून डोंगरपट्टीत तांब्याचे ढीग काळे पडू लागले आणि भात तिप्पट महाग झाला. नदीपट्टीत भात होता, पण बांधांच्या दारांना तांब्याच्या पट्ट्या मिळेनात. पहिल्याच पुरात सात बांध फुटले. ओताऱ्यांच्या भट्ट्या विझल्या, कारण कथील एका काठाला आणि तांबे दुसऱ्या काठाला. आणि ज्या भावासाठी एवढे रामायण झाले, तो तांब्याचा भाव दुसऱ्याच वर्षी पडणार होता.

भिवाजी होडी घेऊन बेटावर गेला. बेटापर्यंत जाण्याने आयुष्य घटत नसे; बेट मध्यावर होते. करवत्या वाळूवर बसून करवतीला तेल लावत होता.

"माझी मुलगी परत दे," भिवाजी म्हणाला.

"कोणत्या यादीतली?"

मांत्रिक वाईट माणूस नव्हता, चांगलाही नव्हता. तो सौद्याचा पक्का होता. तो म्हणाला, "तीन गोष्टी आण. पहिली, अशी वस्तू जिच्यात दोन्ही पट्ट्या मिसळल्या आहेत. दुसरं, असं वाक्य जे दोन्ही राजे बोलले आहेत आणि जे खरं आहे. तिसरा, असा माणूस ज्याला दोन्ही काठ पदरमोड करून आपला म्हणतील. तिन्ही आणल्यास तर सगळी लेकरं तुमची. पण घाई कर. या टिटव्यांना बोलता येतं, आणि रोज सूर्य बुडताना त्या काही शब्द विसरतात. सगळ्यांत आधी शिकलेले शब्द सगळ्यांत शेवटी जातील. आई आणि बाप हे दोन्ही शब्द गेले की मग त्या टिटव्याच."

"माझ्याजवळ किती वर्षं आहेत?"

"बत्तीस. जपून वापर."

एक टिटवी भिवाजीच्या होडीच्या कडेवर येऊन बसली आणि म्हणाली, आबा, मला इथे थंडी वाजते. त्याने आपला पंचा तिच्याभोवती ठेवला. त्याला दुसरे काय करता येणार होते.

त्याने घरातला तांब्याचा हंडा खांद्यावर घेतला आणि नदी ओलांडली. काठाला लागला तेव्हा हंडा अर्धा होता आणि आयुष्याची सोळा वर्षे उरली होती. गोजरा काठावरच होती. ती रोज तिथेच असे. ती त्याला एक शब्दही लावून बोलली नाही, आणि तेच त्याला जड गेले. तिचा भाऊ शिदोबा ओतारी. त्याने विझलेली भट्टी पेटवली, घरातले उरलेसुरले कथील काढले, अर्धा हंडा वितळवला आणि मुठीत मावेल एवढी घंटा ओतली. बेटावर जाऊन भिवाजीने ती वाजवली. आवाज दोन्ही काठांना गेला. मांत्रिक म्हणाला, "एक."

दुसऱ्या कामाची वाट गोजराने दाखवली. भद्रकेतूच्या वाड्यात एक मैना होती. ती ऐकलेले तेवढेच बोले, आणि त्यातलेही खरे तेवढेच. त्यामुळे तिला कोठीघरात कापड टाकून ठेवले होते. भिवाजीने ती मागितली. राजाने लगेच दिली, पण देण्याआधी तिच्यासमोर बसून हौसेने पुष्कळ बोलला. नदीपट्टी सुखात आहे, बांध दुरुस्त होत आहेत, खजिना भरला आहे. मैना गप्प. राजा वैतागला, पिंजऱ्यावर कापड ओढता ओढता स्वतःशीच पुटपुटला. मैनेने लगेच तेच म्हटले, "त्यांच्यावाचून निभत नाही."

भिवाजी पिंजरा घेऊन डोंगरपट्टीत परतला. आठ वर्षे उरली. मैनेचीही निम्मी गेली; तिने कुरकुर केली नाही. रणधवलाने न विकलेल्या तांब्याचे सिंहासन करून घेतले होते. त्यावर बसून तो तासभर आपल्या स्वातंत्र्याविषयी बोलला. मैना मान वाकडी करून ऐकत राहिली. मग ताट आले. ताटात भाताची मूद लिंबाएवढी. रणधवलाने ती पाहिली आणि ओठांतल्या ओठांत तीन शब्द म्हटले. मैनेने तेच तीन शब्द मोठ्याने म्हटले, आणि ते भद्रकेतूच्या शब्दांशी जुळले.

"दोन," मांत्रिक म्हणाला.

आता कोणी म्हणेल, दोन्ही राजे मनातून कबूल झाले, मग मिटले की सगळे. छे. मनातले तोंडावर आणले तर मागच्या वर्षाचा तोरा कुठे ठेवायचा. दोघांनीही दुसऱ्या दिवशी मैना खोटारडी असल्याची दवंडी पिटवली.

तिसऱ्या कामाने भिवाजीचे पाय मोडले. डोंगरपट्टीत तो दारोदार फिरला. असा एखादा माणूस सांगा, ज्याला तुम्हीही आपला म्हणाल आणि पलीकडचेही म्हणतील, स्वतःच्या पदराला खार लावून. लोक दार लोटून घेत. आमचेच आम्हाला जड झाले आहे, असे म्हणत. त्याने नदी ओलांडली. चार वर्षे उरली. नदीपट्टीतही तीच दारे, तेच उत्तर. शेवटी तो घाटावर हताश होऊन बसला. तिथे एक म्हातारी आली. तिची मुलगी पलीकडे दिलेली. म्हातारी म्हणाली, "परत जाणार असलास तर माझ्या लेकीला सांग, तिचे वडील गेले. शेवटी तिचंच नाव घेत होते."

भिवाजी गेला. दोन वर्षे उरली. निरोप मात्र अर्धा झाला नाही. माल अर्धा होई, आयुष्य अर्धे होई, पण माणसाने पोटात ठेवलेला शब्द सबंध पोचे. त्या लेकीने ऐकले, उंबऱ्यावर बसून रडली, आणि मग तिनेही एक निरोप दिला: आईला म्हणावे एकटी राहू नकोस, थोरल्या काकांकडे जा. तो उलट गेला. एक वर्ष उरले. तिथे आणखी चौघे थांबले होते.

मग दोन्ही काठांवर रांगा लागू लागल्या. एकाला भावाची माफी मागायची होती. एकीला कळवायचे होते की नातवंडाला दात आले. खाणीतल्या एका माणसाला पलीकडच्या वैद्याकडून खोकल्याच्या औषधाची कृती हवी होती. भिवाजी एका खेपेत चाळीस-चाळीस निरोप घेई, आणि एक अक्षर चुकत नसे. हे तो का करत होता, मला विचारू नका. यादीतून जे सुटले होते, ते तो एकेक करून पोचवत होता, असे मला वाटते. तिसऱ्या अटीतला माणूस शोधायचे त्याने सोडूनच दिले होते.

प्रत्येक खेपेला तो बेटाशी होडी थांबवी. साळू कडेवर येऊन बसे. आधी ती पुष्कळ बोले. मग ती पंच्याला "ते" म्हणू लागली, थंडीला काहीच म्हणेनाशी झाली. पुढे पुढे तिच्याजवळ चारदोन शब्दच राहिले. त्यांत आई होता आणि आबा होता.

गोजराने एकदा होडीचा दोर धरून ठेवला.

"किती उरलं तुमचं?"

"पुष्कळ आहे."

"मोजणीदार आहात तुम्ही. खोटं बोलायला जमत नाही तुम्हाला."

"तीन महिने."

तिने दोर सोडला नाही. "पुढची खेप मी करते. माझी वर्षं सबंध आहेत."

"साळू परत आली तर तिला कुणीतरी लागेल, गोजरा. दोघांनी संपून कसं चालेल?"

गोजराने दोर सोडला. तिने चूक केली का, हे ठरवणारा मी कोण.

तीन महिन्यांचे दीड झाले, दीड महिन्याचे तीन आठवडे. मधले दिवसही खर्चत होतेच. चैत्रातल्या एका दुपारी भिवाजी नदीपट्टीहून सव्वीस निरोप घेऊन निघाला, तेव्हा त्याच्याजवळ एक घटकाच उरली होती. त्याला ते ठाऊक होते. बेटापर्यंत वेळ पुरला. होडी वाळूला लागली, आणि तो वल्ह्यावर डोके टेकून गेला.

दोन्ही काठांवर माणसे उभी होती. वल्हे हलेना, हे दोन्हींनी एकदमच पाहिले. थोड्या वेळाने डोंगरपट्टीहून एक होडी निघाली, मग नदीपट्टीहून दोन. बघता बघता बेटावर पाय ठेवायला जागा उरली नाही. वर्षभरात ती माणसे पहिल्यांदाच समोरासमोर येत होती, आणि आल्या आल्या भांडू लागली.

डोंगरपट्टीचा पाटील म्हणाला, "भिवाजी आमचा. आमच्या यादीत त्याचं नाव आहे. आम्ही त्याला घरी नेणार."

शिदोबा ओतारी पुढे झाला. "तो आमचा जावई. आमचे निरोप घेऊन निघाला होता. त्याच्या डोईचं देणं आमच्या गावावर घाला, पण त्याला आम्हीच नेणार."

"त्याचं देणं आम्ही भरतोच आहोत. दुप्पट लावा, तरी भरू."

"मग आम्ही तिप्पट भरू."

म्हातारी मध्ये आली, खाणीतला खोकणारा माणूस मध्ये आला. आवाज चढले. एकाने दुसऱ्याची गचांडी धरली. आमचा, आमचा, एवढेच ऐकू येत होते. तीनशे बारा लेकरांसाठी जो शब्द कोणी काढला नव्हता, तो एका प्रेतासाठी निघाला. मला हे सांगताना बरे वाटत नाही, पण झाले तसे सांगतो.

करवत्या उठून उभा राहिला. "तीन," तो म्हणाला. त्याने सोन्याची करवत वाळूवर ठेवली. ती वाळूतच विरली. तो पाण्यात चालत गेला आणि परत वर आला नाही.

नदीची फट मिटली. दोन पाणी एक झाली. टिटव्या होत्या तिथे मुले उभी राहिली, वाळूने माखलेली, डोळे चोळणारी. तीनशे बारा. कोणी मोजली नाहीत, तरी एकही कमी नव्हते.

पुढचे थोडक्यात सांगतो. त्या दिवसापासून पोते निघाले तसे सबंध पोचू लागले. तांबे खाली आले, भात वर गेला, बांधांना पट्ट्या बसल्या. मुलांची नावे दोन्ही राजांना दोन्ही याद्यांत लिहावी लागली, कारण लोक लिहिल्यावाचून वाड्यासमोरून उठेनात. देणे दोघांनी मिळून फेडले. फेडायला दोन पिढ्या गेल्या. राज्ये दोनच राहिली. दोन राजे, दोन झेंडे, दोन तिजोऱ्या. पण नदीवर कोणी कोणाला अडवले नाही. शाप सुटला, घडी बसली, कहाणी इथे संपायला हरकत नाही.

पण बेटावरचे थोडे राहिले.

मुले आपापल्या माणसांकडे धावत होती. साळू गर्दीतून वाट काढत आली. आई, म्हणून तिने गोजराच्या कमरेला मिठी मारली. गोजराने तिला उचलले, तिचे हात पाहिले, पाय पाहिले, केसांतली वाळू झाडली. साळूची नजर होडीकडे गेली.

"आई, ते कोण?"

भांडणाऱ्यांनी होडीपर्यंत वाट करून दिली. आदल्या संध्याकाळी सूर्य बुडताना साळूचा एक शब्द गेला होता. एकच दिवस उशीर झाला होता.

गोजराने तिला होडीपाशी नेऊन खाली बसवले, भिवाजीचा हात तिच्या हातात दिला आणि सांगितले, "हे तुझे आबा."

"आबा," साळू म्हणाली. नवा शब्द शिकताना मुले म्हणतात तसे तिने ते दोनदा म्हणून पाहिले, आणि आईच्या तोंडाकडे पाहिले, बरोबर म्हटले की नाही ते विचारायला.